अठरा पावलांचं रीळ

दादाने नैरोबीहून कॅमेरा पाठवला तेव्हा आमच्या घरात कोणी 'वा' म्हटलं नाही. आई म्हणाली, "हे कशाला आता?" बाबा म्हणाले, "सांभाळणार कोण हे?" आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. ज्याला आंबा आणि घंगाळ काढता येतं त्याला हलत्या चित्रांचा कॅमेरा चालवता आलाच पाहिजे, असा आमच्याकडचा समज. झालं, शिंचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

दादाच्या रेल्वे ऑफिसातला एक गृहस्थ रजेवर देशी आला होता, त्याच्याबरोबर ते खोकं आलं. आत काळा, चौकोनी, हातात मावेल एवढा कॅमेरा, फिल्मची दोन रिळं, एक इंग्रजी पुस्तक आणि माझ्या एकट्याच्या नावाचं पत्र. ते पत्र मी मागच्या अंगणात जाऊन वाचलं. दादाने लिहिलं होतं, "तुम्ही सगळे दर पत्रात 'येथील सर्व क्षेम' लिहिता. आजी गेली त्या आठवड्याच्या पत्रातसुद्धा सर्व क्षेम होतं. मला आता पत्र नको. मला बाबा चालताना दाखव. डिसेंबरात माझी सहा महिन्यांची रजा लागते. बाबांचं खरोखर जड असेल तर मी येतो. बरे असतील तर माझी पाळी दुसऱ्याला देतो आणि दोन वर्षांनी येतो. यंत्र खोटं बोलत नाही, म्हणून यंत्र पाठवलं आहे."

त्या वर्षी चैत्रात बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. वैद्यांच्या तेलाने आणि आईच्या हाताने निम्मी परत आली, निम्मी आली नाही. बाबा सरकारी मोजणीदार. साखळी आणि झेंड्या घेऊन वणीपासून नामपूरपर्यंत सारा जिल्हा त्यांनी पायी तुडवलेला. कुठल्याही गावाचं नाव काढा, "स्टेशनापासून इतकी पावलं" असं सांगायचे. तो माणूस आता भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचा, उजवा पाय मागून फरफटत यायचा आणि ओठाच्या एका कडेतून लाळ गळायची. हे दादाला कोणी कळवलं नव्हतं. "थोडा अशक्तपणा आहे" एवढं लिहिलं होतं. लिहिलं मीच होतं, सांगितलं बाबांनी होतं.

मला दादा यायला हवा होता, हे आधीच सांगून टाकतो. पाच महिने बाबांना उठवणं, बसवणं, त्यांचे टोमणे ऐकणं आणि शाळेत जाऊन चाळीस पोरांच्या वह्यांतले वाकडे आंबे तपासणं, यात मी मेटाकुटीला आलो होतो. तेव्हा खरं चित्र काढायचं आणि पाठवायचं, असं मी ठरवलं. ठरवायला काय जातं!

ते इंग्रजी पुस्तक वाचता वाचता माझ्या नाकी नऊ आले. उजेडाचा तक्ता दिला होता, त्यात समुद्रकिनारा होता, बर्फ होतं, 'सौम्य ऊन' होतं. नाशिकचं पावसाळ्यानंतरचं ऊन सौम्य म्हणायचं की आणखी काही, हे कोणी सांगायचं? मेनरोडच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने कॅमेरा उलटासुलटा केला, कानाशी धरून हलवला आणि गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, याला काळा बुरखा नाही. बुरख्याशिवाय फोटो येत नसतो." उंटावरचा शहाणा! मी कॅमेरा काखेत मारला आणि घरी आलो.

त्या रिळाची तऱ्हा अशी की फिल्म बोटभर रुंदीची, पण चित्रं उठायची तिच्या निम्म्या रुंदीवर. एक बाजू संपली की रीळ काढायचं, उलटं घालायचं आणि उरलेल्या बाजूवर पुन्हा चालवायचं. मग मुंबईला धुवायला पाठवायचं. तिथे ती मधोमध उभी चिरून जोडून देतात. तोपर्यंत तिला उजेड दिसता कामा नये. दिसला की संपलं, सगळं पुसलं. म्हणून मी कोठीच्या खोलीत दार लावून, डोक्यावरून घोंगडी घेऊन रीळ घालायला बसलो. भाद्रपदातला उकाडा. दहा मिनिटांत मी घामाने निथळलो, आणि फिल्मचं टोक काही खाचेत बसेना. तेवढ्यात आईने दार उघडलं.

"अरे, थंडी वाजतेय का तुला? ताप आला की काय?"

"दार लाव!"

"काढा देऊ करून?"

"आई, दार लाव म्हणतो ना!"

दार लावलं, पण बाहेरून बाबांना सांगितलंच, "अहो, त्याला काहीतरी होतंय."

पहिल्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "अंगणात या, चालून दाखवा." तर बाबांनी आधी न्हाव्याला बोलावलं. दाढी झाली. मग लांब कोट, पगडी, उपरणं. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. बाबा आरामखुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आई शेजारी उभी राहिली आणि दोघांनी श्वास कोंडून माझ्याकडे डोळे वटारून पाहायला सुरुवात केली. आयुष्यात एकदाच दोघं फोटोवाल्याकडे गेले होते, तिथे त्याने "हलू नका, पापणी लववू नका" म्हणून दरडावलं होतं. तो धडा त्यांनी जन्मभरासाठी गिरवून ठेवला होता.

मी चावी दिली. एका चावीत कॅमेरा अर्धा मिनिट चालतो. खर्रर्र सुरू झालं. दोघं ढिम्म.

"हला!" मी ओरडलो.

"चूप! फोटो बिघडेल," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

"अहो, हा फोटो नाही. हलायचंच आहे!"

"तुला काय कळतंय? कोर्टात मोजणीचे फोटो मी पाहिलेत. हललं की भूत येतं."

आई तर इतकी ताठ उभी होती की तिच्या गालावर माशी बसली तरी तिने हाकलली नाही. मी हात जोडले, पाया पडलो, नाचून दाखवलं. काही उपयोग नाही. निम्मं रीळ त्या दोन पुतळ्यांवर खर्ची पडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगडाला पाझर फुटेल, पण आमच्या घरात फोटोसमोर कोणी हलणार नाही!

शेवटी मी चोरी केली. रीळ उलटं घातलं, दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या गजांमधून कॅमेरा बाहेर काढला आणि वाट पाहत बसलो. बाबा मोरीकडे निघाले. अंगात नुसती बंडी, कमरेला पंचा. डावा हात भिंतीवर, उजवा लोंबता. पाऊल टाकलं, थांबले. दुसरं टाकलं, पाय फरफटला, भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. पुन्हा निघाले. मी चावी संपली की देत होतो आणि पुन्हा कळ दाबत होतो. बाजू संपेपर्यंत सगळं घेतलं. घेताना मला रडू येत होतं आणि 'आता येईल दादा' म्हणून बरंही वाटत होतं. दोन्ही एकदमच होत होतं, खोटं कशाला सांगू?

रीळ मी पत्र्याच्या डबीत घातलं आणि कपाटावर ठेवलं. शाळेतला एक मास्तर आठवड्याने मुंबईला जाणार होता, त्याच्या हाती द्यायचं ठरवलं. पोस्टावर माझा भरवसा नव्हता. आता वाटतं, भरवसा कुठे ठेवायचा ते मला कधीच कळलं नाही.

पावसाळा सरला की आमच्याकडे सगळ्या घराला ऊन दाखवतात. गाद्या, गोधड्या, शालू, पैठणी, पोथ्या, डाळी, साठवणीच्या चिंचा, जे जे चार महिने कोंदटलं असेल ते सारं अंगणात येतं. पितृपंधरवडा लागायच्या आत आईचा हा कार्यक्रम असतो. त्या दिवशी मी शाळेतून आलो तर अंगण भरलेलं. गाद्यांवर चिंच, चिंचेवर फडकं. आणि वाळत घालायच्या दोरीवर, शालूच्या आणि बाबांच्या सोवळ्याच्या मधोमध, एक लांबच लांब राखट पट्टी लोंबत होती. वाऱ्याने उडू नये म्हणून तिला दोन्ही टोकांना सांडशी आणि चिमटा लावला होता.

मी जागच्या जागी खाली बसलो.

"आलास का?" आई आतून म्हणाली. "अरे, तुझ्या त्या डबीला कसला कुबट वास मारत होता! उघडून पाहते तर आत सगळं गुंडाळून कोंबलेलं. बुरशी धरली असती. सकाळपासून चांगलं ऊन दिलंय. उद्या आणखी एक ऊन दिलं की खुटखुटीत होईल."

"आई," मी म्हटलं, "तू काय केलंस हे तुला माहीत आहे का?"

"काय केलं?"

काय केलं ते मी तिला सांगितलं. इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या घरातला पोळ्या लाटायचा आवाज थांबला. आईला फिल्मचं काही कळलं नाही, पण आपल्या हातून काहीतरी भयंकर झालं एवढं कळलं. ती दोरीपाशी गेली, चिमटा काढला, पट्टी हळूच गुंडाळायला लागली आणि म्हणाली, "सावलीत ठेवू का मग?" कर्म माझं! मी कपाळावर हात मारून घेतला.

ओसरीवरून हसण्याचा आवाज आला. बाबा हसत होते. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच असे हसले, एकाच गालाने, अंग गदगदा हलवून. मग मला जवळ बोलावलं.

"खिडकीतून काय घेत होतास, ते मला दिसलं होतं," ते म्हणाले. जीभ जड होती, शब्द सावकाश यायचे. "पंच्यातला बाप दाखवतोस? बरं झालं ऊन लागलं."

"बाबा, दादाला खरं कळायला हवं."

"त्याने रजा माझ्या मोरीपर्यंतच्या चालण्यावर उधळायची? दोन वर्षांनी येईल, तेव्हा मी त्याला स्टेशनवर आणायला जाईन. दुसरं रीळ आहे ना? दसऱ्याला काढ. मी चालतो."

"कसे चालाल?"

"चालतो म्हटलं ना!"

आणि खरोखर त्या दिवसापासून बाबा कवायत करायला लागले. तुळशीपासून मागच्या दारापर्यंत अठरा पावलं, असं त्यांनीच मोजून ठरवलं. काठी नाही, भिंत नाही. पहिल्या दिवशी दोन पावलं. मग तीन. पडायचे, शिव्या द्यायचे, आई उठवायची. वैद्य म्हणाले, इतकी दगदग नको. बाबा वैद्यांवर ओरडले. मी बाबांवर ओरडलो. आई दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणायची, "अहो, सावकाश. अरे, हळू बोल." महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पण एक सांगतो, बाबांच्या डोळ्यांत जे तेज त्या महिन्यात आलं ते पुन्हा मी पाहिलं नाही. मोजणीला निघायच्या आदल्या दिवशी ते झेंड्या पुसून ठेवायचे, तेव्हा असे दिसायचे.

दसऱ्याच्या सकाळी ऊन चांगलं पडलं. पुस्तकात लिहिलं होतं की ऊन चित्र घेणाऱ्याच्या पाठीमागून, खांद्यावरून यावं. त्याप्रमाणे मी मागच्या दारात तिवईवर पाट ठेवला, पाटावर कॅमेरा ठेवला. बाबा कोट, पगडी घालून तुळशीपाशी उभे राहिले. माझ्या दिशेने चालत यायचं होतं. आई त्यांच्या बाजूला चिकटूनच.

"आई, तू चित्रात येतेस. बाजूला हो."

"पडले तर?"

"चौकटीच्या बाहेर राहा. तिथे. आणखी उजवीकडे. आता तिथून बरोबरीने चाल, पण आत येऊ नकोस."

चावी पूर्ण दिली. कळ दाबली. बाबा निघाले.

एक, दोन, तीन. पाय उचलत होते, फरफटत नव्हते. मान ताठ. सहा, सात. मी श्वास रोखून भिंगातून पाहत होतो. आठ. कपाळावर घाम चमकत होता, पण ते हसायचा प्रयत्न करत होते, कॅमेऱ्यापलीकडे, नैरोबीत बसलेल्या थोरल्या मुलाकडे पाहून. नऊ, दहा. अकराव्या पावलाला त्यांचा उजवा गुडघा लचकला, आणि मी बोट उचललं. कॅमेरा थांबला. पुढच्याच क्षणी बाबा कोसळले. आईने त्यांना जमिनीला टेकायच्या आत झेललं आणि दोघं मिळून खाली बसले. पगडी घरंगळत माझ्या पायापाशी आली.

मी धावलो. बाबांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "कुठपर्यंत आलं?"

"अकरा."

"पडलो ते?"

"नाही आलं."

"बस्स. तेवढंच पाठव." आणि माझा हात दाबला, डाव्या हाताने.

बोट मी मुद्दाम उचललं का, हे मला आजतागायत सांगता येत नाही. पण नंतर मी जे केलं ते मुद्दामच केलं. उरलेलं रीळ संपवायला हवं होतं म्हणून शेजाऱ्याच्या वासराची चित्रं घेतली, नदीवरची गर्दी घेतली. मुंबईहून फिल्म धुऊन आली तेव्हा ती पाहायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. दिव्यासमोर धरून भिंगाने पाहिली. एकेक चित्र मसुरीएवढं. त्यात मोहरीएवढे बाबा ताठ चालत होते. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "दिसतोय बुवा माणूस!" मग मी ती बांधून पाठवली आणि बरोबर पत्र लिहिलं. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो. खरं लिहायचं तर एक ओळ पुरली असती. बाबा ओसरीवरून पाहत होते. मी नेहमीचं लिहिलं.

दिवाळीनंतर दादाचं उत्तर आलं. "रीळ पाहिलं. जीव भांड्यात पडला. रजा दुसऱ्याला दिली." बाबांनी ते मला तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. माघात त्यांना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले.

दादा ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनी आला. स्टेशनवर मीच गेलो. चित्रं दाखवायचं यंत्र त्याने बरोबर आणलं होतं. एका दुपारी आम्ही माजघराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली. आईला बोलावलं तर ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मी पाहिलंय ते."

यंत्र घरघरलं आणि बाबा चादरीवर चालत आले. माझं चित्र मी पहिल्यांदाच एवढं मोठं पाहत होतो. नऊ, दहा, अकरा, आणि एकदम शेजाऱ्याचं वासरू. दादाने यंत्र थांबवलं, फिल्म मागे घेतली, पुन्हा लावली. मग चादरीपाशी जाऊन बोट ठेवलं. बाबांच्या मागे, अंगणाच्या फरशीवर, सकाळच्या उन्हात एक लांब सावली पडली होती. आईला मी चौकटीबाहेर काढलं होतं, तिच्या सावलीला नाही. सावलीचे दोन्ही हात पसरलेले होते आणि ती बाबांच्या प्रत्येक पावलाबरोबर पुढे सरकत होती.

"ही दिसली होती मला," दादा म्हणाला. "तिथे, पहिल्याच दिवशी. वाटलं, आई काहीतरी वाळत घालत असेल."

माझं डोकंच फिरलं. "वाळत घालत असेल? दोन्ही हात पसरून, बाबांच्या मागोमाग, पावलाला पाऊल लावून? दसऱ्याच्या दिवशी? तुझे डोळे काय शेण खायला गेले होते का?"

"वाटून घेतलं," दादा म्हणाला. तो अजून चादरीकडेच पाहत होता. "पत्रात सर्व क्षेम होतं ना."

ते पत्र माझ्याच अक्षरात होतं.